रक्तांतील आंकडा आणि रोग्याचें भवितव्य

आपल्या घरांतून 'हार्ट फेल' हे दोन शब्द एका ठराविक अर्थानें रूढ झाले आहेत. अमुक गृहस्थ बसल्या जागीं 'हार्ट फेल' होऊन गेले, असें आपण सहज बोलून जातों; आणि ऐकणाराहि पुढें कांहीं विचारीत नाहीं, कारण त्या दोन शब्दांनीं सर्व संपलें असें तो समजतो. वैद्यकांत मात्र त्यांचा अर्थ निराळा आहे. हृदयाची रक्त पुढें ढकलण्याची शक्ति शरीराच्या गरजेस अपुरी पडणें, किंवा ती गरज भागविण्यासाठीं हृदयाला आपल्या आंत भलताच दाब सोसावा लागणें, या अवस्थेस डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. हृदय थांबलेलें नसतें. तें थकलेलें असतें. हा थकवा वर्षानुवर्षें हळूहळू वाढत असतां एकाएकीं तीव्र रूप धारण करतो. फुप्फुसांत पाणी सांचतें, पाय सुजतात, उताणें निजणें अशक्य होतें, आणि मध्यरात्रीं रोग्यास रुग्णालयांत हलवावें लागतें. अशा रोग्याचें पुढें काय होणार, हें त्याच्या रक्तावरून कितपत सांगतां येतें, हा या लेखाचा विषय आहे. तो मीं हौसेनें निवडलेला नाहीं. गेल्या श्रावणांत तो आपण होऊन माझ्या घरीं चालून आला.

माझे थोरले बंधु शहात्तर वर्षांचे आहेत. घरांत लहानथोर सर्व त्यांना दादाच म्हणतात. नागपंचमीच्या रात्रीं दोनच्या सुमारास ते अंथरुणावर उठून बसले. तीन उश्या पाठीशीं घेतल्या तरी श्वास पुरेना. घशांतून घरघर ऐकूं येऊं लागली. पुतण्यानें गाडी काढली व आम्ही जिल्ह्याच्या गांवीं एका रुग्णालयांत पोंचलों. तेथें प्राणवायु लावण्यांत आला, लघवी होण्याचें इंजेक्शन देण्यांत आलें आणि रक्त काढून तपासणीस पाठविण्यांत आलें. उजाडतां उजाडतां तपासणीचा अहवाल आला, तो डॉक्टरांच्या आधीं पुतण्याच्या मोबाइलवर आला. त्यांत 'एन्. टी. प्रो बी. एन्. पी.' या नांवापुढें ९,८४० हा आंकडा होता, आणि शेजारीं छापील मर्यादा होती ४५०. पुतण्यानें जागच्या जागीं भागाकार केला व हलक्या आवाजांत म्हणाला, "काका, बावीसपट आहे."

वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. फक्त पदर डोळ्यांस लावला. अर्ध्या तासाच्या आंत पुतणीला बंगळूरहून निघण्याचा निरोप गेला. आणि मी, ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना विवेक शिकविला, तो मी त्या बाकावर बसून मनांतल्या मनांत दहाव्या दिवसापर्यंतची व्यवस्था लावूं लागलों होतों. आज हें लिहितांना लाज वाटते. पण तें खरें आहे म्हणून लिहितों.

सकाळीं तेथील डॉक्टरीणबाई फेरीस आल्या. वयानें माझ्या मुलीहून लहान. मीं तो आंकडा पुढें करून विचारलें, "किती दिवस धरावेत?" त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या व म्हणाल्या, "काका, हा आंकडा दिवस सांगत नाहीं. दादांच्या हृदयावर आज किती ताण आहे, तें सांगतो. तो मोठा आहे म्हणूनच त्यांना आम्हीं येथें डोळ्यांसमोर ठेवलें आहे. लघवी किती होते, रक्तदाब कसा राहतो, मूत्रपिंडें कशीं चालतात, हें दोन दिवस पाहूं. घरीं सोडण्यापूर्वीं हीच तपासणी पुन्हां करूं. त्या वेळीं मला विचारा."

त्यानंतरच्या दिवसांत रुग्णालयाच्या बाकावर बसून, त्या बाईंना विचारून व मिळालें तें वाचून जें मला समजलें, तें वाचकांपुढें ठेवतों. संस्कृतावर पोसलेल्या माणसाला हें शास्त्र परकें. तरी घराघरांत मोबाइलवर असे आंकडे येऊं लागले असतां त्यांचा अर्थ न कळणें परवडणारें नाहीं.

प्रथम हें द्रव्य काय आहे तें पाहूं. हृदय म्हणजे रक्त ढकलणारा नुसता एक पंप, अशी समजूत फार काळ होती. कॅनडांतील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठांत अडोल्फो द बोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांस टोंचला. थोड्याच वेळांत त्यांच्या मूत्रांतून मीठ व पाणी मोठ्या प्रमाणांत बाहेर पडूं लागलें. हा प्रयोग १९८१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि हृदय हें मूत्रपिंडांस निरोप पाठविणारें इंद्रियहि आहे, हें कळून आलें. पुढें १९८८ सालीं जपानांतील सुदो, मात्सुओ व त्यांचे सहकारी यांना डुकराच्या मेंदूंत याच कुळांतील दुसरें द्रव्य सांपडलें. मेंदूंत सांपडलें म्हणून त्याचें नांव 'ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड', म्हणजेच बी. एन्. पी., असें पडलें. नंतर आढळलें कीं, माणसांत तें मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघतें. पण एकदां ठेवलेलें नांव कायम राहिलें.

हृदयाच्या भिंती आंतल्या दाबानें ताणल्या गेल्या, म्हणजे त्यांच्या पेशी १०८ अमिनो आम्लांची एक सांखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ आम्लांचा तुकडा हा बी. एन्. पी.; तो मूत्रपिंडांना मीठ व पाणी टाकावयास लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि अशा रीतीनें हृदयावरील ओझें उतरवितो. उरलेला ७६ आम्लांचा तुकडा हा 'एन्. टी. प्रो बी. एन्. पी.', त्याला असें कांहीं काम नाहीं, परंतु तो रक्तांत अधिक वेळ टिकतो. पहिल्याचें प्रमाण सुमारें वीस मिनिटांत निम्म्यावर येतें, दुसऱ्यास तासा-दोन तासांचा अवधि लागतो. दोहोंचीं मापें निरनिराळीं असल्यामुळें एकाचा आंकडा दुसऱ्याच्या मर्यादेशीं कधींहि ताडून पाहूं नये.

येथें एक गोष्ट माझ्या मनाला विशेष लागली. ज्या द्रव्याचा आंकडा पाहून आम्ही भ्यालों, तें द्रव्य रोग्याचें वैरी नाहींच. ओझ्याखालीं वांकलेला हमाल 'अहो, जरा हात लावा' म्हणून हांक मारतो, तशी ती हृदयाची हांक आहे. आंकडा मोठा, म्हणजे हांक मोठी.

या हांकेचा पहिला उपयोग निदानाकडे झाला. धाप लागून आलेल्या रोग्याची धाप हृदयाची कीं फुप्फुसाची, हें नुसत्या तपासणीनें ओळखणें जाणत्या डॉक्टरांसहि पुष्कळदां कठीण जातें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असे १,५८६ रोगी घेतले होते. बी. एन्. पी. ची मर्यादा दर मिलिलिटरास १०० पिकोग्रॅम धरली असतां शंभरांपैकीं सुमारें त्र्याऐंशी जणांचें निदान त्या एका आंकड्यावरून बरोबर ठरलें. एन्. टी. प्रो बी. एन्. पी. विषयीं पुढें ठरलें तें असें: आंकडा ३०० च्या खालीं असेल, तर तीव्र हृदयदौर्बल्याचा संभव फारच थोडा, आणि तें आहे असें म्हणण्यास पन्नाशीच्या आंत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर या वयांत ९००, व पंचाहत्तरीच्या पुढें १,८०० ही मर्यादा धरावी. दादांच्या अहवालावर छापलेली मर्यादा ही शांतपणें चालत तपासणीस आलेल्या वृद्धासाठीं होती. मध्यरात्रीं धापा टाकीत आलेल्या माणसाला ती लावून आमच्या पुतण्यानें भागाकार केला. गणित बरोबर होतें, मांडणी चुकली होती.

न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकांना पर्वतावरील धूर व त्यावरून अनुमानिलेला अग्नि हें उदाहरण आठवेल. धूर दिसला म्हणजे अग्नि असलाच पाहिजे. पण दिसला तो खरोखर धूर कीं सकाळचें धुकें, हें आधीं पाहावें लागतें. तसेंच अग्नि असला म्हणजे धूर असेलच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. या आंकड्याचेंहि तसेंच आहे. मूत्रपिंडें मंदावलीं कीं हें द्रव्य रक्तांत सांचतें व आंकडा फुगतो. वार्धक्यानें आणि नाडीच्या अनियमित गतीनेंहि तो वाढतो. उलट स्थूल माणसांत हृदय थकलेलें असूनहि आंकडा खालीं राहतो. आणखी एक गोष्ट: 'सॅक्युबिट्रिल' हें औषध शरीरांत बी. एन्. पी. चा नाश मंद करतें; म्हणून तें घेणाऱ्या रोग्यांत बी. एन्. पी. चा आंकडा औषधामुळेंहि चढूं शकतो. अशा वेळीं डॉक्टर दुसऱ्या तुकड्याचें प्रमाण पाहणें पसंत करतात.

आतां भवितव्याकडे वळूं. अमेरिकेंत 'अ‍ॅडहिअर' या नांवाखालीं तीव्र हृदयदौर्बल्याच्या रोग्यांची फार मोठी नोंद ठेवण्यांत आली. तिच्यांतील ४८,६२९ रोग्यांचे दाखल होतांनाचे बी. एन्. पी. चे आंकडे घेऊन २००७ सालीं त्यांचे चार गट पाडले गेले. ज्यांचा आंकडा ४३० च्या खालीं होता, त्यांपैकीं शेंकडा १·९ रुग्णालयांत दगावले. त्यावरील दोन गटांत हें प्रमाण २·८ व ३·८ होतें. आणि ज्यांचा आंकडा १,७३० किंवा त्याहून अधिक, त्यांत ६·० होतें. म्हणजे पायरीपायरीनें धोका तिपटीवर गेला. आंकडा खरें सांगतो तो असा.

परंतु तेंच कोष्टक उलट बाजूनें वाचा. सर्वांत वाईट गटांतील शंभरांपैकीं चौऱ्याण्णव जण रुग्णालयांतून जिवंत बाहेर पडले. सर्वांत चांगल्या गटांतहि शंभरीं दोघे गेले. शंभर माणसांविषयीं हें कोष्टक बरेंच कांहीं सांगतें. त्या शंभरांत आपला माणूस कोणता, हें सांगत नाहीं. पत्रिका पाहण्याची संवय झालेल्या मनाला हा भेद सहजासहजीं पचत नाहीं. माझ्याहि पचला नव्हता. तो पचविण्यास मला शेजारची खाट पाहावी लागली.

दादांच्या शेजारीं साठीच्या आंतले एक गृहस्थ त्याच रोगानें पडले होते. त्यांचा मुलगा व आमचा पुतण्या ओसरींत भेटत. निकालाच्या दिवशीं मुलांचे पालक शाळेच्या व्हरांड्यांत एकमेकांचे गुण विचारतात, तसे त्यांनीं एकमेकांचे आंकडे विचारले. त्यांचा आंकडा आमच्याच्या निम्म्याहून कमी निघाला. मला त्या मुलाचा हेवा वाटला. उभ्या आयुष्यांत मीं पालकांना 'गुणांची तुलना करूं नका' म्हणून सांगितलें, आणि तेथें बसून मी तेंच करीत होतों! तिसऱ्या दिवशीं पहांटे ते गृहस्थ गेले. त्यांचा रक्तदाब आल्यापासून खालीं होता आणि मूत्रपिंडांनीं काम टाकलें होतें, हें मागाहून कळलें. त्यांच्या मुलाला काय बोलावें तें मला सुचेना. मी त्याच्या शेजारीं बसून राहिलों.

त्या घटनेचें स्पष्टीकरण त्याच अमेरिकन नोंदींत आहे. २००५ सालीं तिच्या आधारें पाहण्यांत आलें, तेव्हां रोग्याचा धोका ठरविणाऱ्या अनेक गोष्टींत तीन प्रमुख ठरल्या, आणि त्या अगदीं साध्या होत्या: रक्तांतील युरिया-नायट्रोजन ४३ मिलिग्रॅम किंवा अधिक, वरचा रक्तदाब ११५ च्या खालीं, आणि क्रिएटिनिन २·७५ किंवा अधिक. (आपल्याकडे अहवालांत पुष्कळदां संपूर्ण युरिया देतात, तो आंकडा याच्या दुपटीहून थोडा अधिक येतो.) या तिन्हींवरून सर्वांत कमी धोक्याचा जो गट निघाला, त्यांत शेंकडा २·१ दगावले, सर्वांत अधिक धोक्याच्या गटांत २१·९. तसेंच ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन हृदयाच्या पेशी दुखावल्या म्हणजे रक्तांत उतरतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६७,९२४ रोग्यांच्या अभ्यासांत तें वाढलेल्यांपैकीं शेंकडा ८·० रुग्णालयांत गेले, इतरांपैकीं २·७. एक द्रव्य ताण सांगतें, दुसरें इजा सांगतें, तिसरें मूत्रपिंडांची स्थिति सांगतें. साक्षीदार अनेक असतां एकाच्याच जबानीवर निकाल देणें योग्य नव्हे.

शिवाय, पहिल्या दिवसाच्या आंकड्यापेक्षां त्याची पुढील गति अधिक बोलकी असते. पोर्तुगालमधील पोर्तो येथें १८२ रोग्यांवर केलेला एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. दाखल झाल्यापासून घरीं जाईपर्यंत ज्यांचा आंकडा शेंकडा ३० किंवा त्याहून अधिक उतरला, त्यांचे पुढचे सहा महिने सर्वांत बरे गेले. ज्यांचा तितकाच चढला, त्यांची स्थिति सर्वांत वाईट झाली. दादांचा आंकडा सहाव्या दिवशीं ५,१२० झाला. म्हणजे जवळजवळ निम्म्यानें उतार. डॉक्टरीणबाई प्रथमच हंसल्या. मीं पुन्हां विचारलें, "आतां धोका टळला ना?" त्या म्हणाल्या, "काका, खरी परीक्षा आतां घरीं आहे."

त्यांचें म्हणणें शब्दशः खरें आहे. आपल्याच देशांत, तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील रुग्णालयांत २०१३ सालीं दाखल झालेल्या १,२०५ रोग्यांची पद्धतशीर नोंद झाली. त्यांचें सरासरी वय अवघें एकसष्ट होतें. शंभरांपैकीं साडेआठ रुग्णालयांत दगावले. पण नव्वद दिवस पुरे होईतों हें प्रमाण अठरांवर गेलें. म्हणजे ज्या काळांत नातेवाईक 'सुटलों' म्हणून श्वास टाकतात, तोच काळ सर्वांत नाजूक.

मग आंकडा उतरवीत राहिलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तेंहि करून पाहिलें गेलें. नेदरलंड्समधील डॉक्टरांच्या पुढाकारानें ४०४ रोग्यांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आंकडा शेंकडा ३० हून अधिक उतरावा हें ध्येय ठेवून उपचार केले. नेहमींच्या उपचारांपेक्षां त्यांत निराळें यश आलें नाहीं. धूर पुसल्यानें अग्नि विझत नाहीं. याउलट २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्राँग एच्. एफ्.' या प्रयोगांत १,०७८ रोगी होते. त्यांतील एका गटास घरीं गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत हृदयाच्या औषधांची पूर्ण मात्रा देण्याचा प्रयत्न झाला, आणि पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार बोलावून तपासलें गेलें. त्या तपासणींत हा आंकडाहि होता, पण सावधगिरीची खूण म्हणून. १८० दिवसांत मृत्यु येणें किंवा त्याच रोगानें पुन्हां दाखल व्हावें लागणें, हें या गटांत शेंकडा १५·२ जणांच्या वांट्यास आलें. नेहमींप्रमाणें उपचार झालेल्या गटांत २३·३. गुण आला तो औषधांनीं व देखरेखीनें. आंकड्यानें फक्त दिवा धरला.

चरकसंहितेंत इंद्रियस्थान नांवाचा बारा अध्यायांचा एक संपूर्ण विभाग आहे. आसन्न मृत्यूचीं लक्षणें त्यांत सांगितलीं आहेत, आणि शेवटीं वैद्यास बजावलें आहे कीं, तीं दिसलीं तरी कोणीं न विचारतां मरणाची वार्ता उच्चारूं नये. तरुणपणीं मला हा दांभिकपणा वाटे. आतां वाटतें, त्यांत मनुष्यस्वभावाचें ज्ञान आहे. पूर्वीं भविष्य वैद्याच्या मुखांत राहत असे, आणि तो वेळ पाहून बोले. आज तें कोणाच्याहि मध्यस्थीशिवाय मोबाइलवर येऊन पडतें. तेव्हां तो संयम आतां घरच्या माणसांनीं शिकला पाहिजे. आंकडा आला कीं भागाकार करूं नये. डॉक्टरांस चार प्रश्न विचारावेत: हा आंकडा रोग्याच्या वयास व मूत्रपिंडांच्या स्थितीस धरून किती मोठा आहे? रक्तदाब, क्रिएटिनिन व ट्रोपोनिन काय सांगतात? घरीं सोडतांना तो किती उतरला? आणि पुढील तपासणी केव्हां?

दादा घरीं आले. लोणचें, पापड व सांडगी मिरची ताटांतून गेलीं. त्याबद्दल ते अजून कुरकुरतात. औषधांच्या वेळा वहिनींनीं आपल्याकडे घेतल्या आहेत. 'बरें वाटतें, मग गोळ्या कशाला?' हा प्रश्न त्यांनीं एकदांच केला, आणि वहिनींनीं त्यांना नुसतें पाहूनच गप्प केलें. रोज सकाळीं देवपूजेपूर्वीं ते कांट्यावर उभे राहतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेखालीं वजन लिहितात. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढलें तर ताबडतोब कळवावें, अशी ताकीद आहे. कार्तिकांत एकदां तें तसें वाढलें. पुतण्यानें फोन केला, औषध बदलून मिळालें, आणि रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाहीं.

काल मीं सहज ती दिनदर्शिका उलटून पाहिली. श्रावणांतील ते सहा दिवस कोरे आहेत; त्यानंतर एकहि तारीख रिकामी नाहीं. त्या बाकावर बसून ज्या दहाव्या दिवसाचा विचार मीं केला होता, त्या तारखेखालींहि दादांच्या हातचें अक्षर आहे: एकसष्ट किलो.